आमच्या औषधाला एवढी घाई नसते

आत्याची शुगर काही केल्या उतरत नव्हती. चेहरा सुजून गोल झाला होता, दंडाला जरा कुठं लागलं तरी निळे डाग उमटायचे, आणि ती मात्र खुशीत होती, कारण तिचे गुडघे दुखायचे थांबले होते. शिराळा तालुक्यात वारणेच्या काठाला तिचं गाव. मी सांगलीहून गेलेच होते, म्हणून तिला घेऊन सरकारी दवाखाना गाठला. लस टोचून घेतलेल्या बाळांचं रडणं, फिनेलचा वास, बोटाला फडकं गुंडाळून बसलेला एक ऊसतोड कामगार, आणि खिडकीतून सतत येणारा “केसपेपर काढलाय का?” हा प्रश्न. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आत्याला पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. शुगरच्या गोळ्यांची पाकिटं निघाली, बीपीच्या निघाल्या, चष्म्याचं घर, मिसरीची डबी, एसटीची जुनी तिकिटं, आणि सगळ्यात खाली, रुमालाच्या गाठीत, प्लास्टिकची एक पुडी. पुडीवर हिरव्या पानाचं चित्र आणि ‘शुद्ध आयुर्वेदिक’ एवढीच अक्षरं. कुणी बनवली, कुठं बनवली, आत काय आहे, काही नाही. “बाजारातली हाय. गुडघ्याची. आयुर्वेदिक हाय, तिचा काय तरास न्हाई,” आत्यानं आधीच सांगून टाकलं. डॉक्टरांनी चिमूटभर तळहातावर घेतली, बोटानं पसरली, नाकाशी नेली. “सुंठ आहे. ओवा. थोडी हळद,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग विचारलं, “ही घेतली की किती वेळानं बरं वाटतं, आजी?” आत्या कौतुकानं म्हणाली, “तासाभरात. च्या पिऊन हुईस्तवर गुडघं मोकळं.” डॉक्टर क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “आमच्या औषधाला एवढी घाई नसते, आजी.” पुढचं वाक्य मला तेव्हा कळलंच नाही: “ही बंद करायची आहे. पण आज नाही. आज रोजच्यासारखी घ्या.”

भेसळीचा संशय आहे तर पुडी तिथल्या तिथं कचऱ्याच्या डब्यात का टाकली नाही? घ्या म्हणून कशा सांगतात? परतीच्या वाटेवर आत्या जिंकल्याच्या थाटात चालत होती, कारण डॉक्टरीणबाईंनी पुडीला परवानगी दिली असाच तिनं अर्थ लावला होता. रात्री मी मिरजेला मावसभावाला फोन केला. तो एमडी आहे, आयुर्वेदाचं नाव काढलं की भुवया वर जातात. सगळं ऐकून तो म्हणाला, “तुझी ती डॉक्टर हुशार आहे.” अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड घातलेलं असतं, कधी जोडीला वेदनाशामक गोळी कुटून. शरीर स्वतःही तशा प्रकारचं रसायन रोज बनवत असतं. बाहेरून आयतं मिळायला लागलं की ते बनवणं थांबवतं. मग एक दिवस पुडी बंद झाली, तर आत काहीच शिल्लक नसतं. बीपी ढासळतं, उलट्या होतात, म्हातारं माणूस उठता उठता कोसळू शकतं. आणि पुडीत ते किती आहे हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून आधी मोजूनमापून दिलेली गोळी सुरू करायची आणि ती हळूहळू उतरवत न्यायची. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून आत्याला सिव्हिलला का पाठवलं होतं, ते तेव्हा उलगडलं.

मला मात्र त्या गोळीच्या हिशेबापेक्षा ‘आमच्या औषधाला एवढी घाई नसते’ हे आधीचं वाक्य जास्त छळत राहिलं. मावसभावानं शुगर आणि चेहरा बघून निदान केलं असतं, यात शंका नाही. या बाईंनी ते वेगळ्या दारानं केलं. सुंठ काय करते, गुग्गुळ काय करतो, गुडघ्यातला वात शमायला किती दिवस जावे लागतात हे त्या साडेपाच वर्षं शिकल्या आहेत, म्हणूनच त्यांना कळलं की तासाभरात गुडघा मोकळा करणारी ही वस्तू आयुर्वेद नाही. आयुर्वेदाच्या नावावर खपणारी लबाडी ओळखायला आयुर्वेद येणारं माणूस तिथं बसलेलं होतं. हा योग आपण म्हणतो तितका नेहमीचा नाही.

केसपेपरवर मात्र त्या पुडीला जागा नव्हती.

बीपी, शुगर, वजन, तक्रार, निदान, औषधं यांना जागा आहे. आत्या सरकारनं न दिलेलं काय काय खाते, हे लिहायला रकाना नाही. डॉक्टरांनी समासात आडवं लिहिलं, ‘बाजारी चूर्ण, रोज, स्टेरॉइड?’ आणि प्रश्नचिन्हाभोवती गोल काढला. आता नोंदी संगणकावरही चढवायच्या असतात, आणि समासात आडवं लिहिलेलं तिथं चढत नाही.

सांगलीत वाढलेल्या माणसाला लिहिलेल्या कागदाचं मोल हळदीनं शिकवलंय. मार्केट यार्डात सौदे निघाले की त्या भागात वाराच पिवळा होतो. हमालांच्या पापण्या पिवळ्या, बैठकीवरच्या गाद्या पिवळ्या, घशात बारीक खवखव. हरिपूरला जमिनीखाली पेवं होती, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या महापुराचं पाणी त्यांत शिरलं आणि बहुतेक पेवं संपली ती संपलीच. त्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याच्याही आधी, १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट देण्यात आलं होतं. आमच्याकडं त्यावर पुष्कळ हशा झाला, मग संताप झाला. गुडघा फुटला की आधी हळद आणि मग रपाटा, हा क्रम कुणाच्या घरी नव्हता? पण घराघरातली माहिती त्या कार्यालयात पुरावा म्हणून चालत नव्हती. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेनं, डॉ. माशेलकर तिथं महासंचालक असताना, हा दावा लढवला तो छापील कागदांवर: जुने संस्कृत ग्रंथ, आणि १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक शोधनिबंध. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. कोट्यवधी आज्यांच्या अनुभवापेक्षा ते कागद वजनदार ठरले. मला तेव्हा हे अन्यायाचं वाटलं होतं. आज वाटत नाही. अनुभव सगळ्यांचाच असतो, पुडी विकणाऱ्याकडंही तासाभरात गुडघे मोकळे झालेल्यांच्या अनुभवाची रांग असते.

लहानपणी गावभागात एक वैद्य होते. त्यांच्या खोलीला हिंग, गुग्गुळ आणि जुन्या लाकडाचा मिळून एक वास होता, आणि खलाचा आवाज रस्त्यावरून ऐकू यायचा. पुड्या वर्तमानपत्राच्या चौकोनात बांधलेल्या, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. वडिलांचं पोटाचं ऑपरेशन मिरजेला मिशनमध्ये झालं तेव्हाची गोष्ट. ते हॉस्पिटल डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं, कर्नाटकातूनसुद्धा बैलगाड्या भरून माणसं तिथं यायची असं आजोबा सांगत. वडील टाके काढून बाहेर पडले, आईनं आधी मीरासाहेबांच्या दर्ग्यात चादर चढवली, मग सांगलीत येऊन गणपतीला नारळ फोडला, आणि संध्याकाळी वडील वैद्यांच्या ओसरीवर हजर. कुणालाही यात विसंगती दिसली नाही. वैद्यांनी नाडी धरायच्या आधी विचारलं, “मिशनच्या डॉक्टरांनी काय काय दिलंय? पाकिटं दाखवा.” गोळ्यांची नावं त्यांनी लांबट वहीत उतरवून घेतली, इंग्रजी अक्षरं एकेक करून, आणि म्हणाले, “ह्या संपेपर्यंत माझं काही नको. फक्त मऊ भात.” वडिलांनी मिशनमध्ये मात्र वैद्यांच्या काढ्याचा उल्लेख कधीच केला नाही. रागावतील, ही भीती. ती भीती आत्याच्या रुमालाच्या गाठीतही होती. आपल्याकडच्या रोग्यानं दोन्ही वैद्यकांची सांगड केव्हाच घातली आहे. फक्त ती चोरून घातली आहे.

सरकारनंही घातली आहे, निदान कागदोपत्री. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हापासून ‘आयुष’ला, म्हणजे आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी यांना, मुख्य प्रवाहात आणायचं ठरलंय, २०१४ मध्ये त्याचं स्वतंत्र मंत्रालयही झालं. आज शाळा-अंगणवाड्यांत पोरं तपासायला येणाऱ्या पथकात, १०८ च्या गाडीत, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या खुर्चीत बऱ्याच ठिकाणी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेली मुलंमुलीच असतात. ती नसती तर आमच्या डोंगरकपारीच्या वाड्यांना डॉक्टर दिसला नसता, हे खरं आहे. दुपारी गर्दी ओसरल्यावर आत्याच्या डॉक्टर डबा उघडता उघडता बोलल्या. “अष्टांगहृदय पाठ केलं होतं मी. इथं सकाळपासून पॅरासिटामॉल, ओआरएस, लोहाच्या गोळ्या. तेच लागतं इथं, माझी तक्रार नाही. पण मला आयुर्वेद येतो म्हणून घेतलंय, की एमबीबीएस मिळत नाही म्हणून?” कोपऱ्यातल्या कपाटाचा एक खण आयुर्वेदिक औषधांचा होता. त्यात चूर्णाचे काही डबे होते आणि तेलाची जागा रिकामी होती. मागणी कळवली आहे, त्या म्हणाल्या.

म्हणजे माणूस आत घेतला आणि त्याची विद्या बाहेर पायरीवर ठेवायला लावली. वर भांडणं भलत्याच गोष्टींची. २०२० च्या नोव्हेंबरात पदव्युत्तर आयुर्वेद घेतलेल्यांना ५८ शस्त्रक्रियांची मुभा देणारी अधिसूचना निघाली, तिच्या निषेधात ११ डिसेंबरला देशभर खासगी ओपीडी बंद राहिल्या. ‘मिक्सोपथी’, म्हणजे दोन वैद्यकांची भेसळ, हा शब्द तेव्हा मावसभावाच्या तोंडात पहिल्यांदा ऐकला. चाकू कुणाच्या हातात, यावर रणं माजली. रुमालाच्या गाठीत काय आहे, हे मात्र दोन्ही बाजूंच्या एकाही भाषणात आलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीतल्या निदानांना संकेतांक दिले. चांगलंच झालं. जिनिव्हात आमवाताला रकाना मिळाला, आत्याच्या केसपेपरवर पुडीला मिळायचा आहे.

मावसभावाशी माझं भांडण होत नाही, कारण अर्ध्याहून अधिक वेळा मला त्याचंच पटतं. तो म्हणतो, तपासून बघा, टिकलं तर घ्या, नाही तर सोडा. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबावर चालते हे रोग्यांवर पारखून एका ब्रिटिश नियतकालिकात मांडलं आणि जगानं ती मुळी उचलली. पुढं तिच्यातल्या अर्कानं माणसं उदास होतात हेही दिसलं, आणि तितक्याच रोखठोकपणे तिचा वापर आवरता घेतला गेला. त्याला ही गोष्ट फार आवडते. मी त्याला क्षारसूत्राची सांगते. भगंदरावरचा, म्हणजे गुदद्वाराजवळ पडणाऱ्या नळीसारख्या जखमेवरचा उपाय. साध्या दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाची अकरा पुटं, मग चीक आणि आघाड्याचा क्षार मिळून सात, आणि शेवटची तीन पुटं चीक आणि हळद. एकवीस. हा दोरा भगंदराच्या वाटेतून ओवून बांधतात, दर आठवड्याला बदलतात, तो कापत जातो आणि मागं भरत येतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं शस्त्रक्रियेशी त्याची रीतसर तुलना केली, १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. शस्त्रक्रियेनं जखम चार आठवड्यांत भरली, दोऱ्यानं आठ लागले. पण आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के होतं आणि दोऱ्यानंतर ४. त्यावर मावसभाऊ म्हणाला, “हे मी माझ्या पेशंटला सांगतो. बघ, मोजलं की माझं काही म्हणणं नसतं.” घाई नसलेल्या औषधाला थांबून मोजणारा माणूस भेटला, एवढंच तिथं घडलं होतं.

काही ठिकाणी मात्र थांबायला वेळ नसतो. नागपंचमीमुळं शिराळ्याचं नाव सगळीकडं झालंय, पण उसात पाय पडतो तो पूजेच्या नागावर नाही, बहुधा घोणशीवर. आत्याच्या गावात विष उतरवणारे एक आजोबा आहेत. त्यांच्याकडं पंचक्रोशीतून माणसं यायची, कडुनिंबाचा डहाळा, मंत्र, मध्येच एक आरोळी. कोरडा दंश झालेली, म्हणजे साप चावला पण विष गेलं नाही अशी माणसं वाचायची आणि त्यांची कीर्ती वाढायची. विष चढलेली जायची, आणि त्यांचं नशीब म्हणायचं. आरोग्य केंद्रातल्या आधीच्या कुणा डॉक्टरांनी आजोबांशी वाद घातला नाही. त्यांना बोलावून फ्रीजमधल्या बाटल्या दाखवल्या, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी लस समजावून सांगितली, आणि रोगी लवकर पाठवला तर तो वाचल्याचं श्रेय तुमचंच, असंही सांगितलं. आता कुणाला चावलं की लोक अजूनही आजोबांकडंच धावतात, आणि आजोबा नातवाला मोटारसायकल काढायला सांगतात. रोग्याला मध्ये बसवून स्वतः मागं बसतात. मी त्यांना विचारलं, “मग मंत्र?” ते म्हणाले, “गाडीवर म्हणतो की. दवाखान्याच्या दारात पुरा हुतो.” सर्व समित्यांचे सर्व अहवाल एका बाजूला ठेवून मी या मोटारसायकलीला मत देईन.

आत्याचं काय, हे विचाराल तर ते तितकं गोड नाही. सिव्हिलमधून मोजक्या गोळ्या आल्या, त्या कमी कमी होत गेल्या, चेहरा उतरला, शुगर ताळ्यावर आली. आणि गुडघे परतले. पुडीच्या काळात ती चैत्रात जोतिबाचा डोंगर चढून आली होती, भांगलणीला जायची, सुनेला टोमणे मारत जिन्यानं माळ्यावर चढायची. आता ती उंबऱ्यावर बसून भिंतीला हात लावून उठते. “खरं औषध तुमचं,” ती मला म्हणाली, “पर खोट्या पुडीनं उठवत तरी हुतं गं मला.” यावर काय बोलायचं? हाडं ठिसूळ झाली असती, साखरेनं डोळे गेले असते, हे सगळं मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते पुढचं. गुडघं आत्ता दुखत्यात.” पुडीवाल्याला तिच्या दुखण्याची जाण होती, म्हणून त्याचा धंदा चालतो. आम्ही तिला लबाडीतून सोडवलं आणि दुखण्यात आणून सोडलं. सरकारी दवाखान्यातून तिला पॅरासिटामॉल मिळते. तेल आणि शेक देणारा विभाग जिल्ह्याच्या ठिकाणी, तिथं जाऊन यायला एसटीत दिवस जातो, आणि ज्या गुडघ्यासाठी जायचं तोच एसटीची पायरी चढू देत नाही. डॉक्टरांनी खुर्चीत बसून करायचे व्यायाम शिकवले आहेत. ते ती मी समोर असले तरच करते.

हे सगळं मी मावसभावाला ऐकवत असते, आणि तो “हं” म्हणत असतो. पण मध्यंतरी त्यानं एक केलं. ओपीडीत प्रत्येक रोग्याला विचारायला लागला, “ह्याशिवाय आणखी काय घेता? रागावणार नाही.” शेवटचे दोन शब्द माझे, ते घातल्याशिवाय कुणी बोलत नाही हे मी त्याला बजावलं होतं. मग उत्तरं यायला लागली. गुळवेलीचा काढा, कारल्याचा रस, मुलानं ऑनलाइन मागवलेल्या डब्या, कुणाच्या तरी बुवांचं पाणी. त्याची रिसेप्शनिस्ट आता माझ्यावर चिडून आहे, कारण रांग रात्री नऊपर्यंत हलत नाही. या रांगेत त्याला एक गाणं शिकवणारे गृहस्थ सापडले. मिरजेत असे घरटी एक. त्यांचं बीपी तीन-तीन गोळ्यांना दाद देत नव्हतं, रक्तातलं पोटॅशियम खाली, आणि तपासण्यांत काहीच निघेना. प्रश्न विचारल्यावर त्यांनी खिशातून डबी काढली. ज्येष्ठमध. गळा साफ राहावा म्हणून दिवसभर गालात. ज्येष्ठमध सतत पोटात गेला की मीठ-पाणी शरीरात साठतं, पोटॅशियम निघून जातं आणि रक्तदाब चढतो, हे मावसभावाच्या पुस्तकात छापलेलं होतंच. विचारायचं तेवढं राहिलं होतं.

त्यानं ज्येष्ठमध बंद केला, हळूहळू बीपी उतरलं. गृहस्थ खूश झाले, पण पुढच्या भेटीत डबी पुन्हा टेबलावर ठेवून म्हणाले, डॉक्टर, हे बंद केलं ते ठीक, आता गळ्याला काय घेऊ? मावसभाऊ विचार करून म्हणाला, गरम पाणी. “आणि ते मला म्हणतात कसे,” फोनवर तो सांगत होता, “हे तर माझी आईसुद्धा सांगायची, त्याला एमडी कशाला व्हायला लागतंय?”